पढंत सोडू नकोस

प्रिय मुली,

रविवारी जिना उतरता उतरता तू विचारलंस, "मावशी, घुंगरू कुणाला तरी देऊन टाकू का?" आणि मी दिवा लावायच्या निमित्ताने आत गेले. उत्तर तोंडावर आलं होतं, पण ते जिन्यात उभ्याने देण्यासारखं नव्हतं. म्हणून हे पत्र.

तू सांगितलंस ते मी नीट ऐकलं आहे. हिंजवडीची नोकरी, जाण्यायेण्यात रोजचे तीन तास. आधी मंगळवारचा क्लास चुकला, मग शनिवारचा. गुरुपौर्णिमेला तोंड कसं दाखवायचं म्हणून गेली नाहीस. आणि एक दिवस लक्षात आलं की सात महिने झाले. गुडघा दुखावला नाही, घरच्यांनी अडवलं नाही, पैसे कमी पडले नाहीत. "सांगायला कारणच नाही, त्याचीच लाज वाटते," असं तू म्हणालीस. ऑफिसच्या ओळखीच्या फॉर्ममध्ये 'कथक नर्तिका' लिहून खोडलंस, हेही तूच सांगितलंस.

लोक तुला नर्तकी सुधा चंद्रन यांची गोष्ट सांगत असतील. 1981 च्या अपघातानंतर पाय गेला, जयपूर फूट लावून त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे. पण ती परतण्याची गोष्ट आहे. तू परतणार नाहीयेस. ते तुला माहीत आहे, मलाही दिसतं आहे, आणि त्यावर मी तुझ्याशी वाद घालणार नाही. मी परत न गेलेली बाई आहे. न परतणाऱ्यांचं पुढे काय होतं, ते मला विचार.

आधी एक कबुली. माझा नाच लग्नामुळे सुटला असं तुझ्या आईसकट सगळ्यांना वाटतं. सासरी चाललं नसणार, बिचारीला सोडावं लागलं, असं लोकांनी परस्पर ठरवलं आणि मी ते खोडून काढलं नाही. खरं असं की माझ्या सासूबाईंनी पहिल्याच गणपतीत शेजाऱ्यापाजाऱ्यांना गोळा करून मला नाचायला सांगितलं होतं. 'पाय मुरगळलाय' म्हणून मीच टाळलं. 1982 ला विशारद झाले, 1984 ला बँकेत लागले, सोलापूरला पोस्टिंग मिळालं, आणि तुझ्यासारखंच, एकेक मंगळवार करत सुटलं. एका चांगल्या बाईच्या नावावर मी तीस वर्षं ते खपवलं. त्या आता नाहीत. म्हणून तुला सांगते, कारण शोधत बसू नकोस. कारण सापडलं की माणूस त्याच्या आड राहायला जातो.

आणि पढंत सोडू नकोस, हातावर ताल धरून नाचाचे बोल तोंडाने म्हणणं. सगळं सुटलं तरी चालेल, पढंत नाही.

आपल्या शहरात हे बोल सहज आलेले नाहीत. रोहिणीताई भाटे यांनी 1947 साली पुण्यात नृत्यभारती ही कथक शिकवणारी संस्था सुरू केली, तेव्हा चांगल्या घरच्या मुलींनी नाचावं का, यावर लोक कपाळाला आठ्या घालत. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर या गुरूंकडून त्यांनी जे घेतलं, ते तोंडातून तोंडात आलेलं होतं. लखनौ घराण्याचं, जयपूर घराण्याचं असं करत करत ते आपल्या पेठांमधल्या शहाबादी फरश्यांवर उतरलं. तुला येणारी आमद, तुझं ते परण, या बोलांच्या रचना अशा किती तोंडं ओलांडून आल्या आहेत याचा विचार कर. कथकचे गुरू बिरजू महाराज 2022 मध्ये गेले. बसल्या जागी ते नुसते बोल म्हणायला लागले तरी पाय दिसायचे. पायांच्या आधी तोंड आहे आपल्याकडे. पायाने वाजवायचं ते आधी हातावर ताल धरून म्हणून दाखवायचं, मगच उभं राहायचं. हे तू सातव्या वर्षापासून करत आलीस. मग पाय थांबले म्हणून तोंड का बंद केलंस?

इथे मला तुझा राग येतो. व्हिडिओ काढून टाकलेस, मैत्रिणींचे कार्यक्रम टाळलेस, गाडीत तबला लागला तर गाणं बदलतेस. कुणी सांगितलं होतं इतकं करायला? मी हेच केलं होतं, म्हणून ओरडते आहे.

मी अकरा वर्षं एक बोल म्हटला नाही. घुंगरू माळ्यावर ठेवले होते, पितळेला हिरवं चढलं, दोरी कुजली. मधे 1993 मध्ये मला नाच शिकवणाऱ्या आमच्या बाई आजारी पडल्या. निरोप आला, "येऊन जा." मी गेले नाही. मार्चअखेर होती, शाखेत दोनच माणसं होतो, मुलाला गोवर निघाला होता. हे सगळं खरं आहे, आणि आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगते. नोकरी सोडून नाचत बसले असते तर घराचे हप्ते कुणी भरले असते? मी काही पहिल्या रांगेतली नर्तकी होणार नव्हते, ते मला वेळेवर कळलं, आणि त्यात मी चूक केली असं मला अजूनही वाटत नाही. पण सोलापूरहून पुण्याला गाड्या कमी नव्हत्या. मी गेले नाही, कारण बाई खाटेवरून हात पुढे करून म्हणाल्या असत्या, "म्हण." आणि मला आठवलं नसतं. बाई मेमध्ये गेल्या.

दोन वर्षांनी बदली होऊन पुण्यात आले. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात बसले होते, सतार चालली होती, विलंबित तीनताल, सोळा मात्रांचा. सवयीने मांडीवर हात गेला. नवव्या मात्रेवरचा, खालीचा हात उलटा पडला आणि माझ्या लक्षात आलं की तबला अजून आठव्या मात्रेवर आहे. पुढच्या आवर्तनात पुन्हा चुकले. सम, आवर्तनाची पहिली मात्रा, माझ्या हाताखालून निघून गेली. नाच सुटल्याचं मी पचवलं होतं गं. त्या रात्री मात्र घरी येऊन बाथरूमचा नळ सोडून रडले. मी कोण, हा तुझा प्रश्न मला त्या दिवशी पडला, अकरा वर्षं उशिरा.

दुसऱ्या दिवसापासून काउंटरवर सुरुवात केली. तेव्हा नोटा हातानेच मोजायच्या. शंभरच्या गड्डीत तीनतालाची सहा आवर्तनं बसतात, चार मात्रा उरतात. त्या चार पुढच्या गड्डीत घ्यायच्या. चार गड्ड्या झाल्या की पंचवीस आवर्तनं पुरी होतात, पाचवी समेपासून उचलायची. ओठ न हलवता तत्कार, पायांनी वाजवायचे मूळ बोल, म्हणायचे. मग तोडे आठवायला लागले, सहा महिन्यांनी एक अख्खी चक्रदार आठवली, आणि समोरच्या खातेदाराकडे बघून मी इतकी हसले की त्यांना वाटलं त्यांचं कर्ज मंजूर झालं. रोज करते. आजही. बसमध्ये, दवाखान्याच्या बाकावर. पाच मात्रांचा बोल, एक मात्रा दम, पुन्हा पाच, पुन्हा दम, पुन्हा पाच. सतरा. समेवरून उचललेली तिहाई, तीनदा म्हटलेला तो बोल, बरोबर पुढच्या समेवर येऊन पडते. ती पडते तेव्हा मला स्वतःची ओळख कुणाला पटवून द्यावी लागत नाही.

म्हणून म्हणते, पढंत कर. रोज दहा मिनिटं. आवाज नको असेल तर मनात, पण हातावर ताल हवाच. हात सोडून नुसतं मनात म्हटलं की लय लबाडी करते.

फॉर्मचं म्हणशील तर 'कथक शिकले आहे' असं लिही. ते तुझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही, तूसुद्धा नाही.

आणि घुंगरू देऊन टाक. हो, देऊन टाक. माळ्यावर ठेवू नकोस, त्यांचं देवघर करू नकोस. तुमच्या धाकट्या बॅचमधल्या त्या मुलीच्या पायात वाजू देत. फक्त देताना तिच्याकडून चौपटीचा तत्कार म्हणवून घे आणि समोर बसून ताली तू धर. चुकलीस तर तिला कळू दे. तिच्यासमोर चुकण्याची मला भीती वाटते, असं लिहू नकोस मला. ती भीती मी बाईंच्या खाटेपाशी न जाऊन पुरी वापरून टाकली आहे, तुझ्यासाठी शिल्लक ठेवलेली नाही.

येत्या रविवारी ये. चार वाजता, मामा फिरायला जातात तेव्हा. धमार ताल घेऊ. पाच, दोन, तीन, चार, अशा चौदा मात्रा, आणि अकराव्यावर तू नेहमी घाई करायचीस, तुझ्या आईने सांगितलंय मला. ताल मी धरते.

तुझी,
मावशी