सही सासूबाईंनी केली होती, म्हणून?

*नवरा अमेरिकन, वय ४७. कॉलेजात चार वर्षं अमेरिकन फुटबॉल खेळला, लाइनबॅकर होता, म्हणजे समोरच्याला धडकून पाडणारा. वर्षभरात विसरभोळा झालाय, रागही आवरत नाही. मुलीने गृहपाठाचं विचारलं तर वरणाची वाटी भिंतीवर फेकली. मग स्वतःच खाली बसून नखाने टाइल खरवडत राहिला. म्हणतो, "सीटीई (डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार) आहे, औषध नाही, डॉक्टर कशाला?" मी संतापून सासूबाईंना म्हटलं, शाळेत खेळायच्या कागदावर सही तुम्हीच केली होती. तेव्हापासून त्या आलेल्या नाहीत. दीर म्हणतो, केस करू. मावशी, जबाबदार कोण? — स., कोलंबस, ओहायो*

स.,

आधी सासूबाईंना फोन कर. ठोशांनी मुष्टियोद्ध्यांचा मेंदू बिघडतो, हे १९२८ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं. पण ते वाचणं हे काही ओहायोतल्या एका आईचं काम नव्हतं. ज्यांचं होतं ते वेगळे. कॉलेजांच्या खेळांची एनसीएए ही संस्था १९०६ साली जन्मली तीच मुळी फुटबॉलमध्ये पोरं मरत होती म्हणून. आणि डोक्याला मार बसलेल्या खेळाडूसाठी प्रत्येक कॉलेजाने ठरलेली पद्धत ठेवावी, असा तिचा नियम आला २०१० साली! तुझा नवरा तोवर कधीच खेळून मोकळा झाला होता. त्याच्या वेळी मैदानावर डोक्याला मार बसला की 'घंटा वाजली' म्हणायचे आणि पुढच्या डावाला उभं करायचे. त्यानेही लपवलं असेल. पण स्कॉलरशिपवरच्या वीस वर्षांच्या पोराला कोचने "बरा आहेस ना?" विचारलं, तर तो दुसरं काय सांगणार?

तेव्हा माझ्या मते दोष संस्थेचा. कोर्टाचं मत मात्र माझ्यासारखं असेलच असं नाही. एनसीएएवरचा डॅलसमधला असाच एक खटला २०१८ साली सुनावणीच्या तिसऱ्या दिवशी तडजोडीने मिटला. २०२२ साली लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने एका दिवंगत लाइनबॅकरच्या बायकोचा दावा फेटाळला, एनसीएए जबाबदार नाही म्हणून. तुमच्या ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २०१८ साली, सत्तरच्या दशकात खेळलेल्या माणसाचा दावा केवळ उशीर झाला म्हणून फेटाळता येणार नाही, असं म्हटलं. त्यामुळे दिराला वकिलाकडे जरूर पाठव, मुदतीचं आधी विचारायला सांग. पण त्या पैशांच्या भरवशावर घराचं काही ठरवू नका.

आता मला खरा राग आलाय तो वेगळ्याच गोष्टीचा. निदान घरीच करून टाकलंत? सीटीईची खात्री आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होते. बॉस्टनच्या २०१७ च्या अभ्यासात कॉलेजपर्यंत खेळलेल्या ५३ जणांपैकी ४८ जणांमध्ये तो सापडला, हे नवऱ्याने वाचलं असणार. पण ते मेंदू दान केलेले होते, आणि ज्या घरांना आधीच शंका होती तीच बहुधा दान करतात. सगळ्या खेळाडूंचं प्रमाण त्यातून निघत नाही. विसरणं आणि चिडणं नैराश्याने होतं, थायरॉइडने होतं, दारूने होतं, झोपेत श्वास अडकल्यानेही होतं. घोरतो का तो? तू लिहिलं नाहीस. यातल्या बहुतेकांवर इलाज आहे. आणि सीटीई असलाच, तरी झोप, डोकेदुखी, राग यांवर उपचार होतातच.

पैशांची अडचण असेल तर एनसीएएवरच्या दाव्यांच्या २०१९ च्या तडजोडीत कॉलेजच्या माजी खेळाडूंच्या तपासणीसाठी ७ कोटी डॉलर ठेवलेत, ५० वर्षांसाठी. हातात रोख काही मिळत नाही, आधी प्रश्नावली भरावी लागते, पण त्याचं नाव बसतं का ते बघ.

घरात बंदूक असेल तर ती आजच बाहेर जाऊ दे. मरणाची भाषा केली तर ९८८ या आत्महत्या-प्रतिबंध हेल्पलाइनला फोन. वाटी पुन्हा उडाली तर लेकीला घेऊन सरळ बाहेर पड. समजूत नंतर काढ.

आणि डॉक्टरकडे जाताना सासूबाईंना बरोबर घे. शाळेत असताना कुठल्या मॅचनंतर तो दोन दिवस अंधार करून पडून होता, हे त्यांच्याशिवाय कुणाला आठवणार?

— मावशी