वस्तू हलवाव्यात, की घर राखावे?

प्रश्न : चाळीसगाव रेल्वे स्थानकाजवळचा, छायाचित्रकार केकी मूस यांचा दगडी बंगला नुकताच पाहिला. एवढा मोलाचा संग्रह इंग्रजी अमदानीतल्या जुन्या घरात ठेवण्यापेक्षा मुंबईच्या एखाद्या मोठ्या, वातानुकूलित संग्रहालयात हलवणे अधिक सुरक्षित नाही का?
– एक वाचक, पाचोरा

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, तरीही हा संग्रह हलवू नये, असे मला ठामपणे वाटते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी जुनी दप्तरे गावोगाव हिंडून मिळवली, आणि १९२६ मध्ये धुळ्यात त्यांचे निधन झाल्यावर तेथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. विखुरलेले कागद एका छताखाली येणे हेच तेथे हिताचे होते. मूस यांचे तसे नाही. १९१२ साली मुंबईत जन्मलेला हा पारशी कलावंत इंग्लंडमध्ये शिकून चाळीसगावला आला आणि १९८९ मध्ये निधन होईपर्यंत, अनेक दशके, क्वचितच या घराचा उंबरठा ओलांडून बाहेर गेला. मेजावर लहानसहान वस्तू मांडून, त्यांवर हवा तसा प्रकाश पाडून, विस्तीर्ण निसर्गाचा भास घडवणारी त्यांची ‘टेबलटॉप’ छायाचित्रे याच चार भिंतींत जन्मली. ती छायाचित्रे पाहून झाल्यावर त्याच घरातून एकदा सावकाश फिरावे, म्हणजे एवढ्याशा जागेतून त्यांनी केवढे जग उभे केले, ते उमगते. मुंबईच्या दालनात हा अनुभव मिळणार नाही. प्रेयसी येईल या आशेने मूस रोज रात्री पंजाब मेल या आगगाडीची वाट पाहत, ही कथा चाळीसगावात आवर्जून सांगितली जाते. पण या कथेच्या ओढीने येणाऱ्यांनी त्यांच्या कामाकडेही तितक्याच आस्थेने पाहावे, अशी माझी विनंती आहे.

धोका आहे तो ओल, वाळवी आणि कसर यांचा. जुन्या दगडी बांधकामाचे चुन्याचे सांधे सिमेंटने बुजवले, तर आतली ओल बाहेर पडत नाही आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणून अशा घरांची डागडुजी चुन्यानेच करावी. छायाचित्रांना थेट ऊन लागू देऊ नये, त्यांना प्लॅस्टिकचे आवरण चिकटवू नये, आम्लरहित कागदात ठेवावे आणि पावसाळ्यात वरचेवर तपासावे. उत्तम डिजिटल प्रती मुंबईत अवश्य ठेवाव्यात. मूळ छायाचित्रे मात्र पाहायची, तर चाळीसगावलाच उतरावे.