सेंटर बदलू का? आधी हे वाच

पुढच्या महिन्यात तुझी जीआरई (परदेशात मास्टर्स-पीएचडीच्या प्रवेशासाठी लागणारी परीक्षा) आहे, मिळालेलं परीक्षेचं सेंटर ‘एकदम बेकार’ आहे असं दोन-तीन जणांनी सांगितलंय, म्हणून लांबचं दुसरं घेऊ का असं विचारतोयस, आणि जाता जाता धाकट्या बहिणीच्या सॅटचंही (बारावीनंतर परदेशी कॉलेजात जायला देतात ती परीक्षा) विचारलंयस. उत्तर आधी देऊन टाकते. नुसत्या ‘बेकार’वर सेंटर बदलू नकोस, बेकार म्हणजे नक्की काय झालं ते त्यांना खोदून विचार.

मी स्वतः जीआरई आणि टोफेल (इंग्रजी किती येतं ते तपासणारी परीक्षा) दोन्ही सेंटरवर जाऊन दिल्यात आणि नंतर शिकवायला लागले तेव्हापासून परीक्षा संपल्या संपल्या मुलांचे फोन येतात, त्यामुळे किस्से भरपूर ऐकलेत. स्कोर चांगला आला की ‘स्टाफ किती गोड’ आणि पडला की त्याच सेंटरला शिव्या, हे इतकं ठरलेलं आहे की मी आता फक्त घडलेली गोष्ट विचारते. कॉम्प्युटर बंद पडला आणि बराच वेळ कोणी फिरकलंच नाही, हे ऐकलं की मी कान टवकारते. ‘व्हाइब्ज चांगल्या नव्हत्या’ म्हटलं की सोडून देते. आणि अनुभव कधीचा आहे तेही बघ. सप्टेंबर २०२३ च्या आधीची जीआरई पावणेचार तासांची होती, मध्ये दहा मिनिटांचा ब्रेक असायचा, तेव्हाच्या लोकांच्या निम्म्या तक्रारी भूक, थकवा आणि ब्रेकनंतर परत आत जायच्या लायनीच्या आहेत. आता परीक्षा १ तास ५८ मिनिटांची, ठरलेला ब्रेकच नाही, मध्ये उठलास तर घड्याळ चालूच राहतं. म्हणजे त्या तक्रारी आपोआप बाद.

अजून एक, सेंटर म्हणजे परीक्षा घेणारी संस्था नव्हे. बऱ्याच ठिकाणी ते प्रोमेट्रिक किंवा पिअर्सन व्ह्यू अशा कंपन्यांचं असतं नाहीतर कुठल्यातरी कॉलेजची लॅब असते, आणि त्याच हॉलमध्ये तुझ्या शेजारी कोणी नर्सिंगच्या लायसन्सची परीक्षा देत असतं, कोणी आयटीचं सर्टिफिकेट, प्रत्येकाची सुरुवात वेगळी, शेवट वेगळा, त्यामुळे ये-जा चालूच असते. काउंटरवरच्या माणसाला तुझ्या पेपरात काय आहे हेही माहीत नसतं आणि नियम वाकवायचा अधिकारही नसतो, त्यामुळे ‘जरा समजून घ्या ना’ म्हणून तिथे काही होत नाही.

सगळ्यात जास्त रडारड हॉलमध्ये नाही, दारातच होते, आणि तीही बहुतेक वेळा नावावरून. रजिस्ट्रेशनवरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं पाहिजे म्हणजे जुळलंच पाहिजे. माझ्या एका विद्यार्थिनीने लग्नानंतरच्या आडनावाने रजिस्टर केलं आणि पासपोर्ट जुन्या आडनावाचा घेऊन गेली, वर लग्नाचं सर्टिफिकेट फोनमध्ये दाखवायला लागली, आत सोडलं नाही आणि फीही गेली. तिला अजून वाटतं सेंटरवाले खडूस होते. मला नाही वाटत, त्यांनी सोडलं असतं तर पुढे स्कोर अडकला असता आणि ते जास्त महागात पडलं असतं. झेरॉक्स, फोनमधला फोटो, मुदत संपलेला पासपोर्ट, यातलं काहीच चालत नाही. आजच कन्फर्मेशनचा ईमेल उघड आणि पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून बघ, आता चूक सापडली तर दुरुस्तीला वेळ आहे.

मग तपासणी. खिसे उलटे करून दाखवा, बाह्या वर करा, चष्मा काढून द्या, अंगावरून मेटल डिटेक्टर, फोटो, काही ठिकाणी (जीमॅट या एमबीए प्रवेशाच्या परीक्षेला वगैरे) तळहाताच्या शिरांचं स्कॅन, आणि बाथरूमला जाऊन आलं की बरंचसं परत पहिल्यापासून. पहिल्यांदा जाणाऱ्याला हे अपमानासारखं वाटतं, मुलं हादरलेल्या आवाजात सांगतात की आम्हाला चोरासारखं वागवलं. खरं म्हणजे सगळ्यांना तसंच वागवतात. फरक पडतो तो करणाऱ्या माणसाचा. मी टोफेलला गेले तिथल्या बाईंनी एकेक पायरी आधी सांगितली, आता हे करणार, मग ते करणार, आणि शेवटी विचारलं की बाथरूमला जाऊन यायचंय का, कारण नंतर घड्याळ थांबणार नाही. दुसऱ्या एका ठिकाणी तोच नियम, तीच तपासणी, पण तिथला माणूस वाक्यागणिक खेकसत होता आणि माझ्या पुढच्या मुलाचे हात शब्दशः थरथरत होते, तो पहिला निबंध कसा लिहिणार? मला विचारशील तर चांगलं सेंटर म्हणजे एवढंच, एसी आणि खुर्च्या नंतर.

अर्थात एसी विसरू नकोस. हॉल गार असतात, आणि अंगातलं जॅकेट मध्येच काढायला गेलास की काही ठिकाणी हरकत घेतात, काढलेला कपडा लॉकरमध्ये ठेवून या म्हणतात, म्हणून पूर्णवेळ अंगावर राहील असंच काहीतरी घाल.

आवाजाचं मात्र खरं आहे, ती तक्रार मी कधीच धुडकावत नाही. टोफेल आणि दुसऱ्या परीक्षा एकाच हॉलमध्ये असल्या तर मजा असते. टोफेलमध्ये माइक तपासायला स्वतःच्या शहराबद्दल बोलायला लावायचे आणि सगळे एकाच वेळी सुरू होत नाहीत, त्यामुळे तू उताऱ्यात घुसलेला असताना डावीकडून एक जण आपल्या शहराचं वर्णन करतोय, पाच मिनिटांनी उजवीकडून दुसरी तेच करतेय, आणि मग पाठोपाठ खरे स्पीकिंगचे प्रश्न. माझ्या वेळी एक मुलगा इतक्या खणखणीत आवाजात बोलत होता की त्याच्या मताशी मी मनातल्या मनात वाद घालायला लागले होते. यावर उपाय म्हणजे सेंटर देतं ते आवाज अडवणारं हेडफोन, बऱ्याच ठिकाणी टेबलावरच असतं, नसेल तर सुरू व्हायच्या आधी माग. स्वतःचे इअरप्लग नेऊन ऐनवेळी हुज्जत घालण्यापेक्षा हे बरं. आणि घरी सराव करताना अधूनमधून मुद्दाम गोंगाटात बस, मी मुलांना एकदा तरी टीव्ही चालू ठेवून मॉक, म्हणजे सराव परीक्षा, द्यायला लावतेच.

रफ पेपरचं पण सांगते. जीआरईला सेंटर कागद देतं, पानं फाडायची नाहीत, परीक्षा सुरू व्हायच्या आधी त्यावर सूत्रं लिहून ठेवायची नाहीत, नवीन हवे असले की हात वर करून वापरलेले देऊन नवीन घ्यायचे. हे संपत आले की मागायचं, संपल्यावर नाही, कारण माणूस येईपर्यंत तुझेच सेकंद जातात. (जीमॅटला कागदाऐवजी लॅमिनेटेड पानांची वही आणि मार्कर मिळतो, आणि मार्कर सुकलेला निघणं ही तिथली सनातन तक्रार आहे, बसल्या बसल्या एक रेघ ओढून बघायची.)

आता मुख्य गोष्ट, बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी ही ठेव. बिघाड कुठल्याही सेंटरवर होऊ शकतो, अगदी ज्याचं नाव चांगलं आहे तिथेसुद्धा. तुला न्याय मिळणार की नाही हे बहुतेक वेळा तिथल्या तिथे तू काय केलंस यावर ठरतं. माझ्या टोफेलला हेडफोनचा एक कान मुका निघाला, लिसनिंग सुरू व्हायच्या आधीच हात वर केला, एका मिनिटात दुसरा मिळाला, विषय संपला. माझ्या एका विद्यार्थ्याच्या हेडफोनमध्ये खरखर होती, तो बिचारा ‘उगाच वेळ जाईल’ म्हणून गप्प बसला, शेवटपर्यंत तसंच ऐकलं, घरी येऊन लांबलचक ईमेल लिहिला. उत्तर आलं की त्या दिवशीच्या सेंटरच्या नोंदीत असा काही प्रकार दिसत नाही. त्याचं म्हणणं खरं होतं, पण ते कागदावर कुठेच नव्हतं.

म्हणून क्रम असा ठेव: काही बिघडलं की ताबडतोब हात वर, स्क्रीनवर किती वेळ उरला होता आणि कितवा प्रश्न होता ते डोक्यात ठेव, कॉम्प्युटर परत सुरू केल्यावर वेळ तितकाच उरलाय ना ते बघ आणि नसेल तर पुढचं बटण दाबायच्या आधी बोल. बाहेर पडताना काउंटरवर ‘या घटनेचा रिपोर्ट टाका आणि मला नंबर द्या’ असं स्पष्ट म्हण. तो नंबर असला की पुढचं सोपं जातं. आणि त्याच दिवशी परीक्षा घेणाऱ्या संस्थेला स्वतः लिही, सेंटरवाले कळवतील यावर राहू नकोस, कारण लेखी तक्रारीला मुदत असते आणि ती फार मोठी नसते. लिहिताना भावना कमी, वेळा जास्त. दाद मिळालीच तर परत परीक्षा देता येते किंवा फी परत मिळते, मार्क वाढवून मिळत नाहीत, त्यामुळे ती अपेक्षा ठेवू नकोस.

जास्तीचा वेळ, वेगळी खोली, मधुमेहामुळे मध्ये काही खायची सोय असं काही लागत असेल तर ते सेंटरवर जाऊन मागायचं नसतं. त्याची मंजुरी आधी काढावी लागते, कागदपत्रं तपासायला काही आठवडे जातात.

बहिणीच्या सॅटचं गणित वेगळं आहे, तिथे सेंटर म्हणजे बहुतेकदा शाळा आणि सुपरवायझर म्हणजे तिथलेच शिक्षक. कागदावरच्या काळात सगळं त्या वर्गातल्या माणसाच्या घड्याळावर असायचं. जून २०१५ मध्ये तर अमेरिकेत मुलांच्या पुस्तिकेत एका सेक्शनची वेळ २० ऐवजी २५ मिनिटं छापली गेली, कुठल्या वर्गात २० दिली कुठे २५, शेवटी सॅट घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेने ते सेक्शन मार्कांत धरलेच नाहीत. आता अमेरिकेबाहेर २०२३ पासून आणि अमेरिकेत २०२४ पासून परीक्षा डिजिटल आहे, ब्लूबुक नावाच्या अॅपवर, प्रत्येकाचं घड्याळ स्वतःच्या स्क्रीनवर, त्यामुळे ‘सरांनी पाच मिनिटं आधी पेपर ओढला’ हा प्रकार गेला. त्याच्या जागी नवे आले, मार्च २०२५ मध्ये अॅपमधल्या बिघाडामुळे काही मुलांची परीक्षा वेळेआधीच आपोआप सबमिट झाली होती. तिला एवढंच सांग की लॅपटॉप पूर्ण चार्ज करून ने, चार्जर सोबत ने, अॅपमधला एक्झाम सेटअप आधीच करून ठेव, आणि मध्ये इंटरनेट गेलं तर घाबरून काही बंद करू नकोस, परीक्षा चालू राहते, शेवटी सबमिट करायला नेट लागतं तेवढंच.

घरून जीआरई द्यायचा पर्याय २०२० पासून आहे, आणि कोणीतरी तुला तोही सुचवेलच. मला स्वतःला तो फारसा आवडत नाही. खोली कॅमेऱ्यातून फिरवून दाखवा, कागदाऐवजी छोटा व्हाइटबोर्ड, कान झाकायचे नाहीत, खोलीत कोणी डोकावलं तरी परीक्षा धोक्यात. ज्याच्याकडे खरंच शांत खोली आणि भरवशाचं नेट आहे त्याने खुशाल द्यावी. बाकीच्यांसाठी सेंटरचा एक मोठा फायदा असतो, बिघडलं तर ते निस्तरायला समोर माणूस असतो.

तर तुझं ठरवायचं कसं? ज्यांनी बेकार म्हटलंय त्यांना विचार की मशीन बंद पडणं किंवा खूप उशिरा सुरू होणं असं झालं का, आणि गेल्या वर्षभरात एकापेक्षा जास्त जणांना झालं का. हो असेल तर बदल, लांब असलं तरी, फक्त आदल्या रात्री तिथे जवळ मुक्काम जमत असेल तरच, पहाटेचा लांबचा प्रवास करून पोचायचं असेल तर वाईट सेंटर परवडलं. जीआरईची तारीख किंवा जागा बदलायची तर परीक्षेच्या कमीत कमी ४ दिवस आधी, आणि वेगळी फी लागते. नाहीतर आहे तेच ठेव, एखाद दिवस आधी जाऊन बिल्डिंग आणि दार बघून ये.

आणि समजा त्या दिवशी सगळंच बिघडलं, तरी शेवटी स्क्रीन विचारते की स्कोर रिपोर्ट करायचा की कॅन्सल, तेव्हा रागाच्या भरात कॅन्सल दाबू नकोस. रिपोर्ट केलंस तरच व्हर्बल (भाषा) आणि क्वांटचे (गणित) आकडे लगेच दिसतात, आणि कुठल्या दिवसाचा स्कोर कॉलेजला पाठवायचा ते नंतर तुझ्याच हातात असतं. कॅन्सल केलेला परत मिळवता येतो, ६० दिवसांत, पण त्याचेही पैसे घेतात. मला वैतागून फोन करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा स्कोर त्यांना वाटत होता त्यापेक्षा बरा निघालाय.