साडेपाच लाखांची साउंड सिस्टीम आणि वडिलांच्या साडेतीनशे तबकड्या

प्रश्न : माझे वय ५७ असून मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत नोकरीला आहे. येत्या जूनमध्ये निवृत्त होईन. वडिलांनी मागे सुमारे ३५० रेकॉर्ड ठेवल्या आहेत. त्यांत २४० एलपी, ४० लहान ईपी आणि नाट्यगीतांच्या ७० जुन्या लाखेच्या तबकड्या आहेत. २०१९ च्या महापुरात शुक्रवार पेठेतील आमच्या घरात पाणी शिरले, तेव्हा त्या माळ्यावर चढवून वाचवल्या. आता त्या नीट ऐकाव्यात अशी इच्छा आहे. पुण्यातील एका दुकानदाराने ५ लाख ५० हजारांचे कोटेशन दिले आहे. त्यासाठी पतसंस्थेतील सहा लाखांची पावती (व्याज साडेनऊ टक्के, मुदत मार्चअखेर) मोडावी, की दुकानदार सुचवतो तसे हप्त्यावर घ्यावे? रेकॉर्डच्या किमती वाढत असल्यामुळे ही एक प्रकारची गुंतवणूकच आहे, असेही तो म्हणतो. पत्नी याला म्हातारचळ म्हणते आणि मुलगा म्हणतो की आठ हजारांचा सुटकेससारखा प्लेअर घ्या. (वाचक, कोल्हापूर; पत्र संक्षिप्त करून)

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रात एका प्रश्नाच्या पोटात तीन प्रश्न आहेत. हा खर्च करावा का, तो कोणत्या पैशातून करावा, आणि पतसंस्थेतील त्या सहा लाखांचे काय करावे. तुम्ही ते एकत्र बांधल्यामुळे निर्णय अवघड वाटतो आहे. शेवटच्या प्रश्नाचा तुमच्या छंदाशी काहीही संबंध नाही, आणि माझ्या मते तोच सर्वांत निकडीचा आहे, म्हणून आधी तो घेतो.

सहकारी बँकेतील ठेवीला ठेव विमा व पतहमी महामंडळाचे संरक्षण असते. एका ठेवीदाराला एका बँकेमागे मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंतची हमी मिळते. पतसंस्थेतील ठेवीला हे संरक्षण नाही, कारण पतसंस्था ही बँक नव्हे. ती सहकार खात्याच्या नियंत्रणाखाली चालते आणि रिझर्व्ह बँकेची थेट देखरेख तिच्यावर नसते. आपल्या जिल्ह्यात चोख कारभार करणाऱ्या पतसंस्था पुष्कळ आहेत आणि तुमची संस्था त्यांपैकीच असेल असे धरून चालू. तरीही निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाने सहा लाख रुपये एकाच विनाविमा ठिकाणी ठेवावेत, हे केवळ दोन-अडीच टक्के जास्त व्याजासाठी मला पटत नाही. पावती मुदतीआधी मोडली तर व्याजाचा दर खाली येईल, म्हणून मार्चअखेरपर्यंत थांबा, मात्र नूतनीकरण करू नका. ती रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत किंवा टपाल खात्यात न्या. रेकॉर्ड प्लेअर घेतला किंवा न घेतला, तरी हे करायचेच आहे.

हप्त्यांचा पर्याय मी एका हिशेबात बाजूला ठेवतो. पाच लाखांचे वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले, तर महिना सुमारे १७,१०० रुपये हप्ता बसतो आणि व्याजापोटी एक लाख पंधरा हजार जातात. त्या छत्तीस हप्त्यांपैकी निम्म्याहून बरेच जास्त हप्ते पगार बंद झाल्यावर येतील. दुकानदार ज्याला बिनव्याजी हप्ता म्हणतो, त्यात रोखीने घेतल्यास मिळणारी सूट बहुधा आधीच कापून घेतलेली असते.

आता ‘गुंतवणूक’ या शब्दाकडे वळतो. ठेवीला व्याज मिळते, समभागाला लाभांश मिळू शकतो, घराला भाडे येते. तबकडी कपाटात ठेवली तर तिच्यापासून काहीच येत नाही; पुढे कोणी अधिक मोल देईल एवढीच तिच्यापासूनची आशा असते. ते मोल तबकडीच्या पृष्ठभागावर, वेष्टनाच्या अवस्थेवर आणि ती किती प्रमाणात निघाली होती यावर ठरते. लोकप्रिय चित्रपटांच्या एलपी त्या काळी मोठ्या संख्येने निघाल्या, आणि आता त्यांतील काहींच्या नव्या आवृत्त्याही निघू लागल्यामुळे जुन्या प्रतीचा केवळ दुर्मीळ म्हणून असलेला भाव खाली येऊ शकतो. यंत्रांच्या बाबतीत तर आशेलाही फारशी जागा नाही. मी स्वतः एके काळी कॅमेऱ्याच्या लेन्सच्या नादी लागलो होतो. त्या विकायला गेलो तेव्हा दुकानदाराने खरेदीच्या निम्म्याहून कमी किंमत सांगितली, आणि तीही त्याने उपकार केल्यासारखी दिली. तेव्हा हा खर्च आहे असे वहीत स्पष्ट लिहा. खर्च असणे यात काही गैर नाही. बत्तीस वर्षे भट्टीच्या धगीत काढलेल्या माणसाने निवृत्तीनंतर गाणे ऐकण्यासाठी खर्च केला, तर त्याला म्हातारचळ म्हणण्याचे कारण मला दिसत नाही. वहिनींना माझा हा निरोप सांगायला हरकत नाही, परंतु पुढचा भागही त्यांना वाचून दाखवावा लागेल.

तुम्ही दिलेल्या आकड्यांनुसार पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून ५४ लाख, बँकेतील ठेवी १६ लाख, म्युच्युअल फंड १४ लाख आणि पतसंस्थेचे ६ लाख, अशी एकूण ९० लाखांची पुंजी होते. घर स्वतःचे आहे आणि कर्ज नाही. घरखर्च महिना ३६,००० रुपये, म्हणजे वर्षाला ४ लाख ३२ हजार. कंपनीचा गट आरोग्य विमा निवृत्तीबरोबर संपेल, ही बाब तुमच्या पत्रात कुठेच नाही. दोघांच्या पॉलिसीसाठी मी वर्षाला ४५,००० रुपये धरतो. ईपीएसचे (पीएफसोबतच्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे) निवृत्तिवेतन महिना ४,५०० रुपये, म्हणजे वर्षाला ५४,००० वजा केले, तर पुंजीतून दरवर्षी ४ लाख २३ हजार काढावे लागतील. हे प्रमाण ४.७ टक्के येते. पुंजीला तीस वर्षे पुरायचे असेल आणि महागाईप्रमाणे उचल वाढवत न्यायची असेल, तर पहिल्या वर्षाची उचल पाच टक्क्यांच्या आत असावी असा माझा दंडक आहे, कारण मिळणाऱ्या परताव्यातील काही भाग मुदलात परत मुरवावाच लागतो. साडेपाच लाख खर्च केले तर उरलेल्या साडेचौऱ्याऐंशी लाखांवर हे प्रमाण बरोबर पाच टक्क्यांवर येऊन टेकते. म्हणजे नुसत्या यंत्राने तुमचे घर बुडत नाही.

घर अडचणीत येते ते पत्रातील शेवटच्या ओळीमुळे, जी तुम्ही जाता जाता लिहिली आहे : ‘शिवाय महिन्याला दोन नव्या एलपी घ्याव्यात असा विचार आहे.’ नवी एलपी आज दोन-तीन हजारांच्या घरात असते. महिन्याला पाच हजार धरले तर वर्षाला साठ हजार होतात. पाच टक्क्यांच्या हिशेबाने वर्षाला साठ हजार पुरवायला बारा लाखांची पुंजी राखून ठेवावी लागते. ज्या यंत्रासाठी तुम्ही रात्रीची झोप घालवत आहात त्याच्या दुपटीहून मोठा असा हा निर्णय आहे, आणि त्यावर तुम्ही फक्त एक वाक्य खर्च केले आहे. मोठे यंत्र आणि ही सवय दोन्ही धरले, तर उचल ५.७ टक्क्यांवर जाते, आणि मग पंचाहत्तरीनंतरचे चित्र मला आवडत नाही. छंदाच्या माणसाला एकदाच होणारा मोठा खर्च डोळ्यांत भरतो. दरमहा होणारा लहान खर्च मात्र भाजीच्या हिशेबात मिसळून जातो, म्हणून येथे थोडे लांबण लावले.

तुमच्याकडे २४० एलपी आहेत. एका एलपीला सरासरी चाळीस मिनिटे धरली, तर त्या एकदा ऐकायला १६० तास लागतील. रोज एक तास ऐकले तरी पाच महिन्यांहून अधिक काळ पहिलीच फेरी चालेल. निवृत्तीनंतरचे पहिले वर्ष वडिलांच्याच तबकड्यांवर काढा आणि नव्या खरेदीसाठी महिना १,५०० रुपयांपेक्षा जास्त ठेवू नका. सवलतीत मिळाले म्हणून कोणाचा जुना लॉट उचलायला जाऊ नका, हे वेगळे सांगायला नको. पण तुमच्या पत्रातील उत्साह पाहून सांगतो.

आता कोटेशन. टर्नटेबल (तबकडी फिरवणारे यंत्र) १ लाख ४० हजार, मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग, जो तिच्या कंपनांचा विद्युत सिग्नल करतो) ६५ हजार, फोनो प्रीअॅम्प (तो सिग्नल वाढवणारे उपकरण) ४५ हजार, अॅम्प्लिफायर १ लाख ३० हजार, जमिनीवर उभे राहणारे स्पीकर १ लाख ४० हजार आणि केबल ३० हजार. ते वाचताना मला पहिली गोष्ट अशी जाणवली की या टर्नटेबलला मिनिटाला ३३⅓ आणि ४५ असे दोनच वेग आहेत. तुमच्या सत्तर लाखेच्या तबकड्या ७८ फेऱ्यांच्या आहेत, त्यामुळे त्या यावर वाजणारच नाहीत. वडिलांच्या जुन्या प्लेअरवर वेगाचा खटका फिरवला की त्या वाजत. शिवाय त्यांचे खोबण एलपीपेक्षा बरेच रुंद असल्याने त्यांना वेगळी, जाड सुई लागते. एलपीच्या सुईने वाजवल्यास खरखर वाढते आणि सुईही खराब होते. ज्या नाट्यगीतांविषयी तुम्ही अर्धे पान लिहिले आहे, तीच मुकी ठेवणारे यंत्र साडेपाच लाखांना घेण्यात काय अर्थ आहे, हा प्रश्न दुकानदाराला जरूर विचारा.

दुसरी गोष्ट कार्ट्रिजची. सुई हिऱ्याची असली तरी झिजते, आणि साधारण हजार तासांनंतर ती बदलावी असे धरून चालावे. रोज एक तास म्हणजे तीन वर्षांच्या आतच ती वेळ येते. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारात केवळ सुई काढून नवी बसवता येते आणि काही हजारांत काम भागते. मूव्हिंग कॉइल प्रकारात बहुतेक वेळा सबंध कार्ट्रिज बदलावे लागते, म्हणजे दर तीन वर्षांनी पासष्ट हजार. त्याचा सिग्नल फार क्षीण असल्यामुळे तुमच्या कोटेशनमध्ये वेगळा महागडा प्रीअॅम्पही शिरला आहे. स्पीकरविषयी सांगायचे तर तुमची बैठकीची खोली बारा बाय दहा फूट आहे. एवढ्या जागेत मोठ्या स्पीकरचा खर्ज घुमत राहतो आणि गायकाचा आवाज त्यात बुडतो. केबलचा वाद मी उकरत नाही, त्यावर घरे फुटलेली आहेत. दहा-बारा फुटांसाठी चांगल्या जाडीची साधी तांब्याची तार काही शे रुपयांत मिळते, एवढेच नोंदवतो.

माझ्या अंदाजाने तिन्ही वेगांचे, मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचे टर्नटेबल सत्तर हजारांत, आतच फोनोची सोय असलेला अॅम्प्लिफायर साठ हजारांत आणि लहान बुकशेल्फ स्पीकर साठ हजारांत बसावेत. ७८ साठीची स्वतंत्र सुई, तबकड्या धुण्याची साधने, स्टॅबिलायझर आणि जोडणी यांसाठी पस्तीस हजार ठेवा. एकूण सव्वादोन लाख होतात. महिना दीड हजारांची खरेदी धरूनही उचल पाच टक्क्यांच्या काठावरच राहते. मुलाचा प्लेअर मात्र घेऊ नका. त्या सुटकेस प्रकारात सहसा तबकडीवर जड दाब देणारी सिरॅमिक पिकअप (कार्ट्रिजचाच स्वस्त प्रकार) असते, आणि तिने खोबणी अधिक झिजतात. नव्या तबकडीच्या बाबतीत ते एक वेळ चालेल, पण वडिलांच्या तबकड्यांवर हा प्रयोग नको.

पैसे बँकेतील ठेवींपैकी जी आधी मुदत पूर्ण करते तिच्यातून घ्या. पीएफ आणि ग्रॅच्युइटीला हात लावू नका. त्यातील तीस लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत गुंतवता येतील. तुमचे वय साठच्या आत असले तरी निवृत्तीमुळे मिळालेली रक्कम ती हाती आल्यापासून तीन महिन्यांत भरल्यास चालते. पतसंस्थेचे पैसे मात्र साठीपूर्वी तेथे चालणार नाहीत. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी तीस लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये व्याज येते, म्हणजे घरखर्चाचा अर्ध्याहून मोठा भाग तेथूनच निघेल. हे व्याज करपात्र आहे, हे लक्षात असू द्या.

यंत्राच्या आधी दोन विमे. तुम्हाला रक्तदाबाचा त्रास आहे, आणि आधीपासूनच्या आजारासाठी आरोग्य पॉलिसीत तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षा काळ असू शकतो. म्हणून कंपनीचे संरक्षण चालू असतानाच, याच महिन्यात, स्वतःची पॉलिसी घ्या आणि अर्जात रक्तदाब न लपवता लिहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, हा त्यातला दिलासा. दुसरा विमा घराचा. भारत गृह रक्षा या प्रमाणित पॉलिसीत पूर धरलेला आहे आणि घराच्या विमा रकमेच्या वीस टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत, घरातील सामान त्यातच येते. शुक्रवार पेठेत तळमजल्यावर राहणाऱ्याने २०१९ आणि २०२१ पाहिल्यानंतर ती घेतलेली नसावी, याचे मला सव्वादोन लाखांच्या यंत्रापेक्षा जास्त आश्चर्य वाटते. विम्याने वडिलांच्या तबकड्या परत मिळणार नाहीत, तेव्हा कपाट कमरेच्या वर ठेवा; पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून तबकड्या उभ्याच रचा आणि प्लॅस्टिकच्या घट्ट पिशव्या काढून टाका.

पुण्याला पुन्हा जाल तेव्हा चार एलपी आणि एक लाखेची तबकडी सोबत न्या, वहिनींनाही न्या, आणि तुमच्या तबकड्या लावूनच यंत्र ऐका. लाखेची तबकडी टॉवेलात गुंडाळून मांडीवर ठेवा; बसच्या वरच्या फळीवरून पडली तर तिचे तुकडे होतील. आरोग्य विम्याची पॉलिसी हाती आली आणि पतसंस्थेची रक्कम बँकेत जमा झाली, की नवे कोटेशन मला पाठवा.