राज्याच्या खर्चावर केंद्राची देखरेख: अधिकार कोठे आहे आणि कोठे नाही

केंद्र राज्यांना लाखो कोटी रुपये देते, तर ते कोठे खर्च झाले हे केंद्र का तपासत नाही, आणि कॅग (सरकारी हिशेब तपासणारे नियंत्रक व महालेखापरीक्षक) केंद्राचीच यंत्रणा असताना राज्यातील घोळांवर दिल्लीहून कारवाई का होत नाही, असा तुमचा प्रश्न आहे. या प्रश्नात दोन गृहीतके दडलेली आहेत आणि ती दोन्ही चुकीची आहेत.

पहिले गृहीतक असे की हा सगळा पैसा केंद्र 'देते'. त्यातील सर्वांत मोठा भाग म्हणजे केंद्रीय करांतील राज्यांचा वाटा. पंधराव्या वित्त आयोगाने तो विभाज्य निधीच्या, म्हणजे राज्यांशी वाटून घ्यावयाच्या केंद्रीय करांच्या रकमेच्या, ४१ टक्के ठरवला. हा वाटा राज्यांचा घटनादत्त हक्क आहे. तो राज्याच्या एकत्रित निधीत, म्हणजे मुख्य तिजोरीत, जमा झाला की कोणत्या कामावर खर्च करायचा हे विधिमंडळ ठरवते आणि केंद्राला त्याचा हिशेब देण्याचे बंधन राज्यावर नसते.

दुसरे गृहीतक कॅगविषयी आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षक हे घटनात्मक पद असून ते केंद्र सरकारचे खाते नव्हे. अनुच्छेद १५१ नुसार राज्याच्या हिशेबांवरील अहवाल राज्यपालांकडे जातो, राज्यपाल तो विधिमंडळापुढे ठेववतात आणि पुढे आमदारांची लोकलेखा समिती त्यावर सचिवांची साक्ष घेते. या वाटेत केंद्रीय अर्थमंत्रालय कोठेच नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात हा अहवाल अनेकदा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी पटलावर येतो आणि त्यावर चर्चा होत नाही, पण तो दोष आपल्या आमदारांचा आहे. त्याचे खापर दिल्लीवर फोडता येणार नाही.

केंद्राची खरी देखरेख सुरू होते ती केंद्रपुरस्कृत योजनांपासून. या योजनांत बहुतेक राज्यांसाठी केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के भार उचलते, तर ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी हे प्रमाण ९० आणि १० असे आहे. येथे पैसा विशिष्ट कामासाठी आलेला असतो, म्हणून उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. अमुक आदेशान्वये इतकी रक्कम मिळाली, तीपैकी इतकी ज्या प्रयोजनासाठी मंजूर झाली त्यासाठीच खर्च झाली आणि इतकी शिल्लक आहे, एवढेच त्यात लिहिलेले असते व खाली सही असते. लेखाशाखेत काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते की रक्कम खालच्या यंत्रणेच्या खात्यात वर्ग झाली, की वरच्या कार्यालयाच्या दप्तरी ती 'खर्च' म्हणून नोंदवली जाई. प्रत्यक्षात ती मार्चअखेर काढून बँकेत व्याज खात पडलेली असे. लेखापरीक्षकांनी यावर वर्षानुवर्षे ताशेरे ओढले आहेत.

हे बंद करण्यासाठी केंद्राच्या व्यय विभागाने २०२१ मध्ये पद्धतच बदलली. त्या पद्धतीत प्रत्येक योजनेसाठी राज्यात एकच मध्यवर्ती यंत्रणा आणि तिचे एकच बँक खाते असते, तर खालच्या कार्यालयांना शून्य शिल्लक खात्यांतून ठरलेल्या मर्यादेपर्यंतच पैसे काढता येतात. केंद्राचा हिस्सा एका वेळी वर्षाच्या तरतुदीच्या २५ टक्क्यांहून अधिक सुटत नाही, आणि आधीच्या रकमेपैकी ७५ टक्के खर्च झाल्याशिवाय व राज्याने आपला हिस्सा खात्यात भरल्याशिवाय पुढचा हप्ता येत नाही. माझ्या मते गेल्या काही वर्षांतील ही सर्वांत परिणामकारक सुधारणा आहे. मात्र तिच्यामुळे पैसा कोठे पडून आहे एवढेच दिल्लीला दिसते. रस्ता किती जाडीचा झाला हे त्या खात्यावरून कळत नाही.

गैरव्यवहार आढळला, तर केंद्राच्या हाती मुख्य हत्यार उरते ते निधी रोखण्याचे, आणि ते किती बोथट आहे हे पश्चिम बंगालमध्ये दिसले. मनरेगा कायद्याच्या कलम २७ खाली मार्च २०२२ पासून त्या राज्याचा निधी थांबवण्यात आला. खोट्या हजेरीपटांच्या तक्रारी काही जिल्ह्यांतील होत्या, पण काम बंद झाले ते राज्यभरातील मजुरांचे. अखेर जून २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने १ ऑगस्टपासून योजना पुन्हा सुरू करण्याचा आदेश दिला. गैरप्रकार टाळण्यासाठी हव्या तर अटी घाला, पण योजना कायमची गुंडाळून ठेवता येणार नाही, असा त्याचा आशय होता. केंद्राचे अपील सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये फेटाळले. याउलट महाराष्ट्राने १९७७ च्या कायद्यान्वये रोजगार हमी योजना चालवली ती व्यवसाय कर लावून, स्वतःच्या तिजोरीतून. त्यामुळे तिच्यावरील देखरेखही विधिमंडळाच्या स्वतंत्र समितीकडे होती.

कर्जाचा लगाम वेगळा आहे. राज्याकडे केंद्राच्या कर्जाची बाकी असेल, तर अनुच्छेद २९३(३) नुसार नव्या कर्जासाठी केंद्राची संमती लागते. राज्याच्या महामंडळांनी काढलेली कर्जेही केंद्राने घातलेल्या कर्जमर्यादेत मोजावीत काय, यावरून केरळ सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २०२४ मध्ये अंतरिम दिलासा नाकारून ते प्रकरण पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे सोपवण्यात आले.

तुम्हाला तुमच्या तालुक्यातील योजनेचा खर्च तपासायचा असेल, तर केंद्रीय मंत्रालयाला पत्र पाठवण्याऐवजी काम करणाऱ्या कार्यालयाकडे माहिती अधिकारात अर्ज करावा. केवळ उपयोगिता प्रमाणपत्राची प्रत मागू नये. त्या कामाच्या मोजमाप पुस्तिकेची (प्रत्यक्ष झालेल्या कामाची मापे नोंदवलेल्या वहीची) पाने आणि अंतिम देयक मागावे, कारण प्रमाणपत्रावरील रकमेशी ते जुळत नसेल तर घोळ तेथेच दिसेल.