माझ्या आईची बायपास झाली आहे, मंगळवारी घरी आणतोय. ती काम केल्याशिवाय राहणार नाही. पहिले काही आठवडे कसे सांभाळावेत?

तुम्ही लिहिलंय की आई साठीची आहे, तिला साखर आहे, गाव हॉस्पिटलपासून तीन तासांवर आहे आणि ‘ती ऐकणार नाही’. मी त्याच न ऐकणाऱ्या बाईच्या बाजूने लिहितेय. माझी बायपास झाली तेव्हा मी ५९ वर्षांची होते. ऑपरेशन पुण्यात, घर कऱ्हाडला. तीन ठिकाणी जोड दिले आणि आठव्या दिवशी घरी सोडलं. मी डॉक्टर नाही, निवृत्त शिक्षिका आहे. तेव्हा डिस्चार्जच्या कागदावर जे असेल ते माझ्या सांगण्यापेक्षा वरचं धरा.

आधी छातीच्या हाडाचं सांगते, कारण बाकीचं बरंचसं त्याच्याभोवती फिरतं. हृदयापर्यंत पोचायला छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि शेवटी पोलादी तारांनी बांधून टाकतात. त्या तारा जन्मभर आतच राहतात. वरची जखम दोन-तीन आठवड्यांत बरीचशी भरते, टाके निघतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, झाली बरी. आतलं हाड मात्र सहा ते आठ आठवडे कच्चंच असतं, पुरतं जुळायला तीन महिने लागतात. हात मोडला तर प्लास्टर घालून तो गप्प बसवता येतो. छातीला ते करता येत नाही, श्वास तर चालूच हवा. म्हणून हात आवरायचे. छातीचे मोठे स्नायू एका टोकाला त्या हाडाला आणि दुसऱ्या टोकाला दंडाला धरलेले असतात. हाताने काही ओढलं, ढकललं, उचललं की ताण थेट त्या हाडावर येतो.

आता स्वयंपाकघरात उभे राहा आणि आईचे हात दिवसभर काय काय करतात ते बघा. कणीक मळणं म्हणजे छातीने दाबणं. बरणीचं घट्ट झाकण फिरवणं, ओला टॉवेल पिळणं, वरच्या फळीवरून डबा ओढणं, भरलेला कुकर उतरवणं, अडकलेलं कपाट हिसका देऊन उघडणं, सिलिंडर सरकवणं. यातल्या एकाही गोष्टीला आपण बायका ‘वजन उचलणं’ म्हणत नाही. मला डॉक्टरांनी दोन किलोंच्या वर काही उचलू नका असं सांगितलं होतं (काही ठिकाणी चार-पाच किलो सांगतात), आणि मी मनापासून हो म्हटलं होतं. तरी बाराव्या दिवशी घरात कोणी नसताना मी पोह्यांचा डबा एका हाताने वरून खाली ओढला. छातीत ‘कट्’ झालं. तो आवाज मला आजही ऐकू येतो. डॉक्टरांना दाखवेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सुदैवाने हाड जागेवर होतं. पण त्या दिवशी कळलं की मी कोणाचं ऐकत नव्हते असं नाही, माझे हात चाळीस वर्षांच्या सवयीने आपणहून जात होते.

म्हणून आईला ‘बसून राहा’ म्हणू नका, तिला ते अपमानासारखं लागेल. त्याऐवजी सोमवारी, ती यायच्या आधी, घर हलवा. रोजचे डबे कमरेच्या उंचीला आणा. साखर-चहाच्या बरण्यांची झाकणं सैल करून ठेवा. कपाटाची दारं नीट लागतात-उघडतात ना ते बघा. कुकर, कढई, पाण्याची कळशी तिच्या नजरेसमोरून काढा. आणि तिला करता येण्यासारखं काम खरंच द्या. बसून मेथी निवडणं, लसूण सोलणं, कपड्यांच्या घड्या, टेबलावर ताट ठेवून बसल्या बसल्या करता येईल असं काहीही. मला व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी एक सोपी खूण दिली होती: कोपरं बरगड्यांना चिकटलेली ठेवा, मग हात बरंच काही करू शकतात. केस विंचरतानासुद्धा मान खाली घालायची, कोपरं वर न्यायची नाहीत. अंबाडा मात्र दीड-दोन महिने दुसऱ्या कोणी बांधून दिलेला बरा. माझी भाकरी नवव्या आठवड्यात परत सुरू झाली, तीसुद्धा डॉक्टरांना विचारून, दिवसाला दोन.

उठण्या-बसण्याची पद्धत पहिल्याच दिवशी घरातल्या सगळ्यांना शिकवा. कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे, त्या झोकाने उठायचं, हात छातीशी धरलेले. प्रेमापोटी कोणी तिला दंड धरून किंवा बगलेत हात घालून ओढता कामा नये. आधार द्यायचा तर पाठीमागून, खांद्याच्या खाली. जमिनीवर बसून जेवण नको, कारण उठताना हात टेकावेच लागतात. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर औषधाच्या मोठ्या दुकानातून कमोडची खुर्ची भाड्याने आणा. दुखण्याच्या गोळ्यांनी शौचाला घट्ट होतं आणि कुंथण्याने छातीवर ताण येतो, म्हणून डॉक्टरांना विचारून इसबगोल किंवा पोट साफ होण्याचं पातळ औषध आधीपासूनच चालू ठेवा. अंघोळ स्टुलावर बसून, कोमट पाण्याने. बादली तिने हलवायची नाही, भरलेली बादली पंधरा-वीस किलोंची असते. जखमेला साधा साबण आणि पाणी, मग मऊ पंचाने टिपून घ्यायचं. हळद, तेल, पावडर, कुठलाही लेप नको. आमच्याकडे एक वडीलधारी नातेवाईक हळदीची वाटी घेऊनच आल्या होत्या. त्यांना मी हात जोडले. साखर असणाऱ्यांच्या छातीच्या जखमेत पू होण्याचा धोका जास्त असतो, म्हणून या काळात साखरेची तपासणी एक दिवसही चुकवू नका.

एक गोष्ट कोणी बोलत नाही, कारण बाईमाणसाला विचारायला संकोच वाटतो. मंगळसूत्राचे मणी नेमके त्या जखमेवर घासतात. काढून ठेवायचं नसेल तर आखूड करून गळ्यालगत घालू द्या. पण माझ्या सासूबाईंनी स्वतःच माझं मंगळसूत्र काढून देवापुढच्या डबीत ठेवलं आणि म्हणाल्या, “ते तिथं सुरक्षित आहे, तू आधी बरी हो.” दुसरं, स्तनांच्या वजनाने जखम खाली आणि बाजूला ओढली जाते. पुढून उघडणारी, तारा नसलेली मऊ सुती ब्रेसियर दिवसरात्र घातली तर दुखणं खूप कमी होतं. डोक्यावरून घालायचे कपडे नकोत. पुढे बटणं असलेले चार गाऊन शिवून घ्या. आणि डाव्या बाजूची छाती बधीर लागली किंवा कापडाचा स्पर्शही जळजळल्यासारखा झाला तर घाबरू नका. छातीच्या आतून जाणारी एक रक्तवाहिनी सोडवून हृदयाला जोडतात, तिथल्या बारीक नसा दुखावतात. मला तो बधीरपणा सहा-सात महिने होता. पायातली शीर काढली असेल तर बऱ्याचदा छातीपेक्षा पायच जास्त ठणकतो आणि सुजतो. बसताना पाय उशीवर ठेवायचा.

हॉस्पिटलमधून तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र दिलं असेल. ते फुंकायचं नसतं, नळीतून हवा आत ओढायची असते. मी पहिले दोन दिवस फुंकतच होते. दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, मग फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुलत नाही, तिथे कफ साचतो आणि ताप येतो. जागेपणी दर तासाला दहा वेळा हवा आत ओढायची, मग उशी किंवा घडी केलेला टॉवेल छातीशी घट्ट कवटाळून चार-पाचदा खोकायचं. खोकल्याची, शिंकेची तिला भीती वाटेल, आपण उकलू असं वाटेल. उशी धरली की तसं होत नाही. दुखण्याची गोळी वेळेवर द्या. न दुखता खोल श्वास घेता येणं हाही उपचारच आहे. मात्र डॉक्टरांनी न लिहिलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी गोळी दुकानातून आणून देऊ नका. बायपासनंतर त्या हृदयाला धोक्याच्या असतात. आणि ॲस्पिरिन किंवा लिहून दिलेली दुसरी कुठलीही गोळी ‘पित्त होतंय’ म्हणून घरच्या घरी बंद करायची नाही, फोन करून विचारायचं.

आता मला ज्याबद्दल सगळ्यात जास्त सांगायचंय ते. घरी आल्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवसापासून मला रडू यायला लागलं. कारण काही नाही. दुपारी सगळे जेवून झोपले की मी भिंतीकडे तोंड करून रडत असे. रात्री दोनला जाग यायची, छातीत धडधड ऐकू यायची, घाम फुटायचा. ज्या बाईने आयुष्यभर मुलांना वाचायला शिकवलं तिला वर्तमानपत्रातली एक ओळ तीनदा वाचूनही कळत नव्हती. मला वाटलं मेंदूला काहीतरी झालं. घरचे म्हणायचे, “अगं, वाचलीस, आता रडायचं कशाला?” ते ऐकून आणखी लाज वाटायची. तिसऱ्या आठवड्यात तपासणीला गेल्यावर नर्सबाईंनी स्वतःहून विचारलं, “रडू येतं का?” आणि म्हणाल्या, पुष्कळांना येतं, पुरुषांनाही येतं, ते सांगत नाहीत. ते ऐकूनच अर्धं ओझं उतरलं. मोठ्या ऑपरेशननंतर शरीर थकलेलं, झोप मोडलेली, औषधं नवी. त्यात मन हळवं होतं आणि एकाग्रता जाते. बहुतेकांचं काही आठवड्यांत निवळतं. तुम्ही आईला हे आत्ताच, रडू यायच्या आधी सांगून ठेवा. रडली तर समजावू नका, शेजारी बसा. पण महिना-दीड महिना झाला तरी तसंच असेल, ती खाणं टाळत असेल, चालायला उठत नसेल, ‘कशाला वाचवलंत’ असं म्हणत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्यावर उपचार आहेत आणि त्यांचा हृदयालाही फायदा होतो.

भेटायला येणाऱ्यांना पहिले दोन आठवडे फोनवरच थांबवा. सर्दी-खोकला असलेला तर कोणीच नको. येणारे भीतीच्या गोष्टी सांगतात, अमक्याचा काका, तमक्याचा मामा. आमच्याकडे एकजण म्हणाले की हे सगळं नवीन आहे, भरवसा नाही. भारतातली पहिली बायपास डॉ. के. एम. चेरियन यांनी १९७५ साली मद्रासच्या पेरांबूर रेल्वे हॉस्पिटलमध्ये केली. त्याला आता अर्धं शतक झालं, हे त्यांना माझ्या मुलाने सांगितलं तेव्हा ते गप्प झाले. हाडं जुळावीत म्हणून डिंकाचे लाडूही येतील. साखर असलेल्या आईला ते नकोत. जखम भरायला प्रथिनं लागतात: मुगाचं वरण, दही, खात असेल तर अंडं. तोंडाला चव नसतेच, म्हणून दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं. पापड-लोणचं बाजूला.

चालणं पहिल्या दिवसापासून. आधी अंगणात पाच-पाच मिनिटं, दिवसातून चार-पाचदा, मग दर दोन-तीन दिवसांनी एक-दोन मिनिटं वाढवत. चालताना बोलता आलं पाहिजे. दम लागला तर थांबायचं. मी पाचव्या आठवड्यात सलग अर्धा तास चालत होते. मध्ये एखादा दिवस अगदी गळून गेल्यासारखा येतो, तो येऊ द्यावा. हॉस्पिटलमध्ये बायपासच्या पेशंटसाठी व्यायामाचा वर्ग असेल तर आईला आवर्जून न्या. आमच्या वर्गात चौदा पुरुष होते आणि मी एकटी बाई. घरकाम होतंय ना, मग व्यायाम कशाला, असं म्हणून बायकांना कोणी नेत नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

रोज सकाळी चहाच्या आधी वजन आणि ताप एका वहीत लिहा. एका दिवसात किलो-दीड किलो किंवा आठवड्यात दोन किलोंपेक्षा जास्त वजन वाढलं तर अंगात पाणी साठत असू शकतं. ताप १००.४ च्या वर गेला, जखमेतून पू किंवा पाणी आलं, कडेने लाली पसरली, कुशीवर वळताना हाड हलल्यासारखं किंवा कटकटल्यासारखं वाटलं, एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, छातीत अनियमित धडधड होऊ लागली, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटलला फोन करा. दम लागून आडवं होता येत नसेल, छातीत नव्याने दाब आला, चक्कर येऊन शुद्ध हरपली, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर फोनाफोनी न करता थेट १०८. तीन तासांचं अंतर आहे म्हणून जवळ ईसीजी आणि ऑक्सिजनची सोय कुठे आहे ते सोमवारीच बघून ठेवा.

आणि मंगळवारच्या प्रवासाचं. आईला मागच्या सीटवर बसवा. पट्टा लावायचाच, पट्टा आणि छाती यांच्यामध्ये मऊ उशी. खड्डा किंवा गतिरोधक आला की ड्रायव्हरने आधी सांगायचं, म्हणजे तिला उशी कवटाळता येते. खंबाटकीच्या घाटात माझ्या मुलाने प्रत्येक वळणाआधी “आई, धर” म्हटलं होतं. दर तासाला गाडी थांबवून पाच मिनिटं चालवा, पायात रक्त साखळू नये म्हणून. दुखण्याची गोळी निघण्याच्या अर्धा तास आधी द्यायची का, ते वॉर्डमध्येच विचारून घ्या. घरी पोचल्यावर दारात ओवाळायला थांबवणार असाल तर तिथे एक खुर्ची ठेवा.