कुंडीतून ओघळणारी फुले : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डिसेंबरच्या सुरुवातीला नर्सरीतून ओघळत्या जातीच्या पिटुनियाची सहा रोपे आणून गॅलरीच्या कठड्याला टांगलेल्या दोन कुंड्यांत लावली. महिना-दीड महिना कुंड्या फुलांनी झाकून गेल्या होत्या. आता फेब्रुवारीत फांद्या हातभर लोंबल्या आहेत, पण मधून उघड्या पडल्या आहेत आणि फुले फक्त टोकाला येतात. शिवाय शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडत आहेत. खत दुप्पट केले, तरी फरक नाही. पाणी बोअरवेलचे आहे. काय चुकते आहे? – एक वाचक, पुणे

उत्तर : आपण एका पत्रात दोन तक्रारी कळवल्या आहेत. त्यांची कारणे वेगळी आहेत आणि खताची कमतरता हे त्यांपैकी एकाचेही कारण नाही.

फांद्या उघड्या पडणे हा पिटुनियाचा स्वभावच आहे. शेंडा वाढत राहतो, त्याच्याच टोकाला नवी फुले येतात आणि मागची पाने जुनी होऊन गळतात. यावर उपाय कात्रीचा आहे, आणि नेमका तोच करायला आपला हात धजत नाही, कारण कापायच्या फांदीवर फूल असते. कुंडीतल्या निम्म्याच फांद्या आज निवडाव्यात आणि प्रत्येक फांदी निम्म्या लांबीवर, हिरवे पान असलेल्या पेराच्या लगेच वर कापावी. उरलेल्या फांद्या आठ-दहा दिवसांनी कापाव्यात, म्हणजे कुंडी एकदम बोडकी दिसत नाही. कापलेल्या पेराजवळून दोन-तीन फुटवे निघतात आणि साधारण तीन आठवड्यांत त्यांवर कळ्या दिसू लागतात. (पाने आणि देठ चिकट असतात आणि बोटांना तो चिकटपणा बराच वेळ राहतो. हा रोग नव्हे.) पुढील वर्षी रोप वीतभर होण्याआधीच शेंडा एकदा खुडावा आणि सुकलेले फूल मागच्या हिरव्या बोंडासकट काढावे. नुसत्या पाकळ्या ओढून काढल्या, तर बोंड बी धरते आणि झाडाची शक्ती तिकडे जाते. गॅलरीत पाच तासांपेक्षा कमी ऊन येत असेल, तर मात्र कात्रीने फारसे साधणार नाही. फांद्या पुन्हा लांबटच वाढतील.

आता पिवळ्या पानांविषयी. पान पिवळे आणि शिरा हिरव्या, तेही कोवळ्या पानांत, हे लक्षण बहुधा लोहाच्या कमतरतेचे असते. जुन्या पानांतले लोह झाडाला नव्या पानांकडे वळवता येत नाही, म्हणून कमतरता शेंड्याला आधी दिसते. नत्र कमी पडले असते, तर खालची पाने आधी पिवळी पडली असती. कुंडीच्या काठावर आणि तळाच्या छिद्राभोवती पांढरट थर जमला आहे का, ते पाहावे. बोअरवेलच्या जड पाण्यातले क्षार मातीची आम्लता कमी करतात. मग लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही, आणि पिटुनिया याबाबतीत फार हळवा आहे. अशा वेळी दुप्पट खत घातल्याने क्षारांतच भर पडते. तेव्हा पंधरा दिवस खत बंद ठेवावे आणि शक्य असेल तर नळाचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी, तळातून भरपूर वाहून जाईल इतके, एकदा द्यावे. नंतर एक लिटर पाण्यात २ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, यातून लोह मिळते) आणि थोडा लिंबाचा रस मिसळून ते पाणी मातीत ओतावे. फरशीवर सांडू देऊ नये, तांबूस डाग सहज निघत नाहीत. जुनी पिवळी पाने पुरती हिरवी झाली नाहीत, तरी काळजी करू नये. नव्या पानांचा रंग पाहावा. खत पुन्हा सुरू करताना १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेले) हे विद्राव्य खत लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात दहा-बारा दिवसांनी एकदा द्यावे.

प्रश्न : बंगल्यासमोरच्या वाफ्याच्या विटांच्या कडेवरून ओघळावे म्हणून ऑक्टोबरमध्ये नॅस्टर्शियमचे बी पेरले. वाफ्यात भरपूर शेणखत घातले होते. पाने लहान ताटलीएवढी झाली, पण फुले मोजून चार. – एक वाचक, नाशिक

उत्तर : घोटाळा शेणखताचा आहे. हे मूळचे दक्षिण अमेरिकेतले, पेरूकडच्या डोंगराळ भागातले झाड. सकस माती मिळाली की ते पानांतच रमते. आता खत पूर्ण बंद करावे, पाणी बेताने द्यावे आणि फुलांना झाकणारी मोठी पाने खुडावीत. ती टाकू नयेत. त्यांना अळिवाच्या कोवळ्या पानांसारखा तिखट झणका असतो आणि कोशिंबिरीत ती चांगली लागतात. अर्थात फवारणी केलेली नसेल तरच. पुढच्या हंगामात वाफ्याची कडेची वीतभर पट्टी खताविना, थोडी वाळू मिसळून ठेवावी. बी रात्रभर भिजवून, अर्धा इंच खोल, थेट जागेवर एकेक फुटावर टोकावे; या झाडाला मुळे हलवलेली मानवत नाहीत. पानांच्या पाठीमागे काळा मावा बसतो, तो पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन निघतो. दोन रोपांमध्ये पांढरे ॲलिसम लावले, तर विटांची कड लवकर झाकते आणि त्याला मधासारखा मंद वासही असतो.

प्रश्न : मार्चनंतर हे सगळे वाळून जाते. उन्हाळ्यात टांगत्या कुंडीत काय लावावे? – एक वाचक, नागपूर

उत्तर : ऑफिस टाइम, म्हणजेच चिनी गुलाब. आपल्याकडच्या उन्हात टिकणारे याहून सोपे ओघळते फूल मला ठाऊक नाही. बोटभर लांबीच्या काड्या तोडून एक दिवस सावलीत सुकू द्याव्यात आणि निम्मी माती, निम्मी वाळू अशा मिश्रणात एका कुंडीत दहा-बारा खोचाव्यात. वरची माती कोरडी झाल्याशिवाय पाणी देऊ नये. फुले सकाळी उमलून दुपारनंतर मिटतात आणि ढगाळ दिवशी नीट उमलतही नाहीत, त्यामुळे सायंकाळीच घरी परतणाऱ्यांना ती फक्त रविवारी भेटतात. पावसाळ्यात काड्या कुजतात, म्हणून जूनच्या आरंभी एक लहान कुंडी वळचणीला, पावसाचा थेंब पोहोचणार नाही पण ऊन मिळेल अशी ठेवावी. पुढील वर्षीच्या काड्या तिच्यातून मिळतात.